एकशे त्रेचाळीस जणी

माळीवाडा वेशीच्या थोडं अलीकडे शांतवन भिंगारदिवेच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. तसं त्यात विशेष काही नव्हतं. नगरात रोज कितीतरी चपलांचे अंगठे तुटतात आणि त्यावरून कोणी आपल्या आयुष्याचा विचार करायला बसत नाही. शांतवनही बसला नसता, कारण त्याचं मन त्या वेळी फार प्रसन्न होतं. दुपारी मुलींच्या हायस्कुलाच्या स्टाफरूममध्ये त्याने एक निकाल दिला होता, आणि ज्या झटक्यात दिला होता तो झटका अजून खांद्यात शिल्लक होता. गणिताच्या माणसाला असे दिवस थोडे येतात. एरवी त्याला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर बोर्डाच्या परीक्षेत ग्रेस मार्क किती, एवढंच. आज मात्र ड्रिलचे दरेकर सर घामाघूम होऊन आत आले होते आणि मोठ्या बाईंच्या देखत म्हणाले होते, "भिंगारदिवे सर, आता तुमीच सोडवा. लेझमीला पोरी एकशे त्रेचाळीस हायेत. चौकोन भरायचा कसा?"

परवा सव्वीस जानेवारी होती. महिन्यापूर्वीच लढाई जिंकली होती, त्यामुळे यंदा झेंडावंदनाला कँपातले एक कर्नलसाहेब येणार होते, आणि नगरात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही की लष्करातल्या माणसाच्या डोळ्याला मोकळी जागा लगेच टोचते. शेवटच्या रांगेत दोनच मुली, किंवा मधे एक भोक, असलं त्यांच्यासमोर चालणार नव्हतं. मुळात मुली एकशे चव्वेचाळीस होत्या, म्हणजे बारा रांगा बाराच्या, देवाने आखून दिल्यासारख्या. पण एकीला गालगुंड झालं आणि चौकोन फुटला. दरेकर सर कारभारी या नावाने पारनेर तालुक्यात जन्मले, हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले आणि आता मुलींना "बेटा, छाती बाहेर" असं सांगून संकोचून भिंतीकडे बघत. सकाळपासून त्यांनी रांगा सातच्या करून पाहिल्या, आठच्या करून पाहिल्या, नऊच्या, दहाच्या. प्रत्येक वेळी कोणीतरी उरत होतं. शांतवनने खडूही उचलला नाही. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत तो म्हणाला, "दोनाने जात नाही. आकड्यांची बेरीज आठ, म्हणजे तिनाने नाही. पाचाचा प्रश्नच नाही. साताने तीन उरतात. तिसापर्यंतच्या एकाही पाढ्यात ही संख्या येत नाही. मूळ संख्या आहे, दरेकर सर. हिचे अवयव पडत नाहीत. तुम्ही मैदानावर उभं राहून पाडायचे म्हटलंत तरी पडणार नाहीत." दरेकर सरांनी टोपी काढली. सकाळपासून ते स्वतःला नालायक समजत होते. दोष संख्येचा आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग शांतवनने एकेक आकडा उतरत पुढचंही सांगितलं. एक काढलीत तर एकशे बेचाळीस, त्याचे एकाहत्तर दुणे, म्हणजे लेझीम नव्हे, प्रेतयात्रा. दोन काढल्यात तर सत्तेचाळीस त्रिक, तीही तशीच लांबलचक. तीन काढा. एकशे चाळीस. दहा रांगा चौदाच्या. मोठ्या बाई रतनबाईंनी चष्मा पुसत म्हटलं, "बघा, याला म्हणतात शिक्षण." तीन मुली काढण्यात आल्या.

चप्पल हातात घ्यावी की पायात ठेवावी, हा प्रश्न पदवीधर माणसाला अवघड असतो. हातात घेतली तर लोक बघतात, पायात ठेवली तर फरफटते. शांतवनने ती पायात ठेवली आणि बोटांनी आवळून चालायला लागला. उजवा पाय नीट पडायचा, डावा घासत यायचा. टप्, सर्र. टप्, सर्र. दहा-वीस पावलांत त्याच्या कमरेला ही चाल ओळखीची वाटायला लागली. पहिल्यांदा त्याला वाटलं आपण आजारी आहोत. मग लक्षात आलं, ही आपली चाल नाही, बापाची आहे. बेलापूरकडच्या मिशनच्या शाळेत गिदोन मास्तर अशीच चालायचे. लहानपणी आंब्यावरून पडून त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. शाळेचा ओटा शेणाने सारवलेला, समोर उसाच्या गाड्यांची वाट, आणि गिदोन मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत टप्, सर्र करत फिरायचे, त्या तालावर सगळा वर्ग ओरडायचा. थंडीत पोरांच्या तोंडातून वाफ निघायची आणि वाफेबरोबर आकडे निघायचे. शांतवनला तो वास आला, सारवणाचा आणि काकवीचा, आणि वासाच्या मागून आवाज आला, आधी बापाचा आणि मग तीसएक पोरांचा, त्यात त्याचा स्वतःचाही, चिरका. अकरा अकरा एकवीसासे. टप्, सर्र. अकरा बारा बत्तीसासे. टप्, सर्र. अकरा तेरा

त्रेचाळासे.

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून टांगा येत होता, टांगेवाला ओरडला, "ओ मास्तर, ही जागा हाये का उभं ऱ्हायला?" शांतवन बाजूला झाला, पण कुठल्या बाजूला झाला ते त्याला नंतर आठवलं नाही. अकरा गुणिले तेरा. एकशे दहा आणि तेहतीस. एकशे त्रेचाळीस. त्याने पुन्हा गुणलं. मग उलटं गुणलं, तेराने अकराला, जणू उलट बाजूने गेल्यावर काही कमी निघेल. निघालं नाही. मग अकराची कसोटी लावली, जी तो गेली वीस वर्षं सातवीला शिकवत होता आणि जी लावायला तिसरीतल्या पोरालाही जड जाऊ नये: टोकाचे दोन आकडे मिळवा, मधला वजा करा. एक आणि तीन, चार. चारातून चार गेले शून्य. अकराने भाग जातो. नुसता जात नाही, सरळ चालत जातो. समोर कापडाच्या दुकानात एक बाई लुगड्याचा पोत चाचपत होती, दुकानदार गजाने कापड मोजत होता, रस्त्यावरच्या कोणालाही काही झालेलं नव्हतं. जगात एक मूळ संख्या कमी झाली होती आणि नगरपालिकेचे दिवे नेहमीप्रमाणे पेटत होते.

आता त्याचं मन, जे सवयीने व्यवस्थित होतं, चूक कुठे झाली ते शोधू लागलं. यात लाज कमी आणि कुतूहल जास्त होतं. दुसऱ्याच्या पेपरातली चूक शोधावी तसं. कसोटी त्याला पाठ होती: ज्या संख्येचा वर्ग हिच्याहून मोठा होतो तिथपर्यंतच तपासायचं. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, म्हणजे अकरापर्यंत तपासायला हवं होतं. दोन, तीन, पाच, सात, अकरा. तो सातावर थांबला होता. का? कारण पुस्तकातली चाळणी शंभरापर्यंत असते. फळ्यावर शंभर आकडे लिहायचे, दोनाच्या पटी खोडायच्या, तिनाच्या, पाचाच्या, साताच्या, आणि मग मुलींना सांगायचं, उरल्या त्या सगळ्या मूळ. दरवर्षी, दर तुकडीला. सातानंतर खडू खाली ठेवून हात झटकायची त्याच्या हाताला सवय झाली होती. शंभराच्या आत ते बरोबरच होतं. शंभराच्या बाहेर त्याला वीस वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. आणि पाढे? तिसापर्यंतचे पाढे दहावर संपतात. तेर दाहे तीसासे, की तेराचा पाढा आटोपला, पोरं पाटी पुसतात. अकराचा पाढा एकशे दहावर बसतो. एकशे त्रेचाळीस या दोघांच्याही कुंपणाच्या एक ते तीन पावलं पलीकडे उभी होती, आणि त्याने कुंपणाच्या आत सगळीकडे शोधून, कुठेच नाही म्हणून, ती कोणाचीच नाही असं जाहीर केलं होतं. ज्याला पाढे येत नाहीत त्याच्या हातून ही चूक झाली नसती. तो मुकाट्याने भागाकार करत बसला असता.

कुंपणापलीकडचं शिकवायची सोय पूर्वी होती. अकरकी म्हणायचे तिला, अकरापासून विसापर्यंतचे आकडे एकमेकांशी गुणून पाठ करायचे. ती शाळेतून घालवली शांतवननेच. नवा अभ्यासक्रम आला, संच आले, छेद आणि संयोग आले, आणि शिक्षकांच्या सभेत त्याने उभं राहून भाषण केलं होतं की पोपटपंचीचे दिवस गेले, आता मुलींना विचार शिकवा, तिसापर्यंत पाढे ठेवा आणि अकरकी जुन्या बाजारात द्या. टाळ्या झाल्या होत्या. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने ही हकीकत बापाला सांगितली. गिदोन मास्तर तेव्हा ओसरीत बसून पायाला तेल लावत होते. ते म्हणाले, "बरं केलंस. मला तरी ती कुठं आवडत हुती? साहेब तपासणीला आला की त्याला लई आवडायची, म्हनून घ्यायची." मूळ संख्या म्हणजे काय हे गिदोन मास्तरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, अकरा तेरा त्रेचाळासे हे त्यांना तालामुळे माहीत होतं, अर्थामुळे नव्हे. शांतवनला तेव्हा आपण जिंकलो असं वाटलं होतं, आणि जिंकल्यावर थोडं ओशाळल्यासारखंही, कारण समोरच्याने लढायलाच नकार दिला होता. आता बाप नव्हता. तो असता तर त्याला जाऊन सांगता आलं असतं, आणि तो म्हणाला असता, "मग काय झालं? दुसरी संख्या घे."

पण दुसरी संख्या घेऊन झाली होती. एकशे चाळीस. आणि खाली उरलेल्या तिघी. इथपर्यंत शांतवन संख्यांमध्येच होता, म्हणून त्याला बरं वाटत होतं. टिळक रोडच्या वळणावर त्याला मनकर्णा आठवली आणि चपलेत आवळून धरलेली बोटं दुखायला लागली. दरेकर सरांनी उंचीने रांग लावून शेवटच्या तिघी काढल्या होत्या. बाकीच्या दोघींनी मान खाली घातली. मनकर्णा आठवी ब मधली, वसतिगृहात राहणारी, जामखेडच्या बाजूची, हातभर पोर. ती लेझीम छातीशी धरून स्टाफरूमच्या दाराशी आली होती.

"सर, मला का काढलं?"

"तुला नाही काढलं. संख्येतून तीन काढले."

"पर ती तीनातली एक मी हाय."

"एकशे त्रेचाळीस ही मूळ संख्या आहे. तिच्या रांगा होत नाहीत. गणित कोणासाठी वाकत नाही, मनकर्णा."

हे त्याचं आवडतं वाक्य होतं. नववीच्या वर्गात ते फळ्याच्या वर रंगवून घेतलं होतं. मनकर्णाने ते ऐकून घेतलं, पायाच्या अंगठ्याने उंबरा घासला आणि म्हणाली, "माझी आई येनारे जामखेडहून. एस.टी.नं. शेजारनीला संगं घिऊन. तिला काय सांगू?"

"सांग, मूळ संख्या होती."

"तिला मूळ संख्या न्हाई कळत, सर. तिला रांग कळती. रांगेत मी न्हाई दिसले की ती म्हनंल, काय केलंस गं?"

यावर स्टाफरूममध्ये हशा झाला होता. शांतवनही हसला होता, चांगल्या उत्तराला हसतो तसा. आता वळणावर उभं राहून त्याने ते उत्तर पुन्हा ऐकलं आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला सापडेना. ती बाई जामखेडहून हाडं खिळखिळी होईपर्यंत येणार, मैदानाच्या दोरीला टेकणार, रांगेमागून रांग बघत जाणार आणि पोरीने काहीतरी वाईट केलं असणार असं ठरवून परत जाणार. आणि याचं कारण एवढंच की एका माणसाने सातानंतर हात झटकले. क्षणभर त्याच्या मनात आलं की गालगुंडवालीच्या घरी जाऊन चौकशी करावी. उतरलं असेल तर बारा बारा चव्वेचाळासे, चौकोन पूर्ण, तिघी परत, आणि कोणाला काही कळायचं कारण नाही. तो दोन पावलं तिकडे वळलाही. मग एका मुलीच्या गालांवर आपली अब्रू ठेवण्याची कल्पना त्याला, त्याच्या त्या अवस्थेतही, जरा हलकी वाटली.

घरी मरियम तांदूळ निवडत होती. तिने आधी पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि म्हणाली, "चपलेचं एवढं मनाला लावून घेतलंत?" त्याने सांगितलं. सांगताना त्याने चाळणी, वर्ग, कुंपण सगळं नीट क्रमाने सांगितलं, कारण चूकसुद्धा त्याला नीटच मांडता यायची. मरियमने एक खडा बाजूला टाकला.

"मग उद्या सांगा की."

"एवढं सोपं नाही ते. वीस वर्षांत शाळेने माझी एक चूक पाहिलेली नाही."

"मी रोज बघते. मी शाळेत येऊन सांगू का?"

तो हसला, आणि हसल्यावर त्याला भूक लागली. जेवताना त्याने ठरवलं की आपण कबूल वगैरे काही करणार नाही. आपण दुरुस्ती करणार आहोत. कबुली खालच्या आवाजात करतात. दुरुस्ती फळ्यावर, सर्वांदेखत आणि मोठ्याने करतात. या फरकामुळे त्याला शांत झोप लागली.

सकाळी, चपलेला सेफ्टी पिन लावून, तो प्रार्थनेच्या आधीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. दरेकर सर तिथेच होते, हातावर मैदान आखायच्या फक्कीचा पांढरा धुरळा. शांतवन उभा राहून, काल ज्या आवाजात बोलला होता त्याच आवाजात म्हणाला, "एकशे त्रेचाळीस मूळ नाही. अकरा तेरा. अकरा रांगा, तेराच्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रतनबाई फार हळुवारपणे म्हणाल्या, "बसा, भिंगारदिवे सर."

"बसायचं नाहीये. मुली परत घ्यायच्या आहेत."

"सर, ती जामखेडची पोर रडली का तुमच्याफुडं?" दरेकर सरांनी विचारलं. "माझ्याफुडं बी रडली. मला बी वाईट वाटलं. पर तुमीच म्हनला ना, अवयव पडत न्हाईत."

"पडतात. मी चुकलो होतो."

"असं म्हणू नका," रतनबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "तुमचं मन मोठं आहे, ते आम्हाला माहीत आहे. पण मुलीसाठी गणित वाकवू नका. तुमचंच वाक्य आहे ना ते? नववीत लिहिलंय."

याचा विचार शांतवनने केला नव्हता. चूक कबूल करायला किती धैर्य लागेल याचा हिशोब त्याने रात्री मांडला होता. ती कोणी मानणारच नाही, हे त्या हिशोबात नव्हतं. समोर दौत होती, कागद होता, अकराला तेराने गुणायला अर्धी ओळ पुरली असती, आणि दोघांपैकी एकानेही टाक उचलला नाही. गणिताच्या सरांसमोर गुणाकार करणं त्यांना असभ्य वाटत असावं. काल त्याने ज्या झटक्यात सांगितलं होतं त्या झटक्यातच ती संख्या मूळ झाली होती, आणि आता खुद्द त्याचंही तिच्यापुढे काही चालत नव्हतं. त्याला एकदम बापाच्या ओट्यावरचा तपासणीचा साहेब आठवला, जो पोरांचा ताल ऐकून मान डोलवायचा आणि आकडे कधीच तपासायचा नाही. मोठ्या बाईंनी तशीच मान डोलवली होती, काल. आणि मी तालात होतो, शांतवनला वाटलं. अर्थ पाहिजे म्हणून अकरकी हाकलली आणि स्वतः ताल धरून बसलो.

"फक्की कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सर, दहा-चौदाच्या खुना मारून झाल्यात," दरेकर सर काकुळतीला आले. "उद्या झेंडा हाये. पोरींना जागा पाठ झाल्यात."

"मी मारतो नव्या. रांगा भरल्या नाहीत, एकजरी उरली किंवा एकजरी जागा मोकळी राहिली, तर नववीतलं ते वाक्य मी स्वतः खरवडून काढतो आणि उद्या कर्नलसाहेबांसमोर लेझीम घेऊन उभा राहतो."

दरेकर सरांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच उत्सुकता दिसली.

मैदानावर हवा गार होती आणि फक्की नाकात जात होती. शांतवनने विजारीचे पाय दुमडले, सुंभाची दोरी ताणली आणि खुणा मारत गेला. पावलाला पिन टोचत होती, त्यामुळे चाल पुन्हा तीच झाली होती, टप्, सर्र, पण आता तिचा त्याला उपयोग होत होता. दर टप्पला एक खूण पडत होती. मुली बाजूला जमून कुजबुजत होत्या. गणिताचे सर मैदानावर वाकलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. वसतिगृहाच्या पायरीवर तिघी मुली बाकीच्यांच्या चपला राखत बसल्या होत्या. "सगळ्यांना उभं करा," तो ओरडला. "पायरीवरच्यांनाही."

मागून उंच मुली आल्या आणि खुणांवर उभ्या राहिल्या. पहिली रांग भरली, तेरा. दुसरी भरली. चौकोन मागून पुढे येऊ लागला तशी शांतवनला एक शंका येऊ लागली, जिला गणितात काही आधार नव्हता. त्याला माहीत होतं की अकरा तेरा त्रेचाळासे. हे चंद्रावरही खरं होतं. तरीही पाच रांगा भरल्यावर त्याला वाटलं, कोणी आजारी असेल. आठ भरल्यावर वाटलं, मी खुणा जास्त मारल्या. संख्या कधी दगा देत नाही, पण माणसं संख्येत उभी राहतात तेव्हा कोणाला खोकला येतो, कोणी पाणी प्यायला जातं. दहावी भरली. शेवटची, सर्वांत पुढची रांग लहान मुलींची, थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरची. ती डावीकडून भरत आली, लेझमीचे छल्ले किणकिणत होते, आणि दरेकर सर ओठ हलवत मोजत होते. चपला राखणाऱ्यांपैकी एक उभी राहिली. दुसरी उभी राहिली. उजव्या कोपऱ्यात फक्कीची एकच खूण उरली आणि मैदानाच्या बाहेर एकच मुलगी उरली. ती धावत आली नाही. लेझीम छातीशी धरून, काल स्टाफरूमच्या दाराशी आली होती तशी, चालत आली, खुणेवर दोन्ही पाय ठेवले आणि खाली बघून पुन्हा नीट ठेवले.

भोक नव्हतं. कोणी उरलं नव्हतं. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून चष्मा पुसायचं विसरल्या होत्या.

"म्हंजे काल मूळ हुती आन् आज न्हाई?" दरेकर सरांनी हळूच विचारलं.

"कालही नव्हती," शांतवन म्हणाला, आणि हे त्याने इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मुली हसल्या. त्यालाही बरं वाटलं. अवयव पाडण्यातसुद्धा एक रुबाब असतो, हे त्याला आत्ताच कळत होतं. मग हात मागे बांधून, झालेलं काम पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून, तो कोपऱ्यापासून बोट दाखवत मोजू लागला. एक, दोन.

"सर," कोपऱ्यातून मनकर्णा म्हणाली. ती समोरच बघत होती, हनुवटी वर, दरेकर सरांनी शिकवली होती तशी. "आता पुन्ना तपासू नगा."